मालगाडी रुळावर अडलेली दिसली, तर?

“पुलावर उभा राहून मालगाडी बघत होतो. मधल्या एका डब्याखालून धूर येत होता. गाडी तशीच निघून गेली. मी काही करायला हवं होतं का?” या अर्थाची विचारणा वाचकांकडून पुन्हा पुन्हा होते. कुणाला धूर दिसलेला असतो, कुणी फाटकावर तासभर अडकलेलं असतं, तर कुणाला रुळात उतरून फोटो काढताना रेल्वे पोलिसांनी धरलेलं असतं. मालगाड्या बघण्याचा नाद असलेली माणसं आपल्याकडे वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. ती बोलत नाहीत एवढंच, कारण घरून हमखास प्रश्न येतो, “त्या डब्यांत बघण्यासारखं काय असतं?”

असतं बरंच काही. पण आज वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, प्रकारांत शिरत नाही. कुठून बघावं, थांबलेली गाडी बिघडली आहे की नुसती उभी आहे हे कसं ओळखावं आणि खरंच काही बिनसलं असेल तर काय करावं, एवढंच बघू.

आधी जागा ठरवा

मालगाडीला आपल्यासाठी छापलेलं वेळापत्रक नसतं, आणि प्रवाशांच्या ॲपवर ती दिसतही नाही. कंट्रोलने वाट दिली की ती निघते. त्यामुळे वेळ धरून जाण्यापेक्षा जागा धरून बसावं.

- इगतपुरी, कसारा, कर्जत, लोणावळा: थळ आणि बोर या दोन्ही घाटांत ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात. ती जोडताना आणि सोडताना बघायला मिळतात.
- मनमाड, भुसावळ: मनमाडजवळच्या पानेवाडीला इंधनाचे डेपो आहेत, त्यामुळे टँकरचे रेक भरपूर. भुसावळला तर सगळंच.
- वर्धा, चंद्रपूर, बल्लारशाह: कोळसा. ५८ उघड्या वाघिणींचा भरलेला रेक सुमारे साडेसहाशे मीटर लांब आणि ५ हजार टनांच्या आसपास वजनाचा असतो.
- कोलाड: कोकण रेल्वेची रो-रो. सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक चढवून नेतात. ही सेवा १९९९पासून आहे.

उभं राहायचं ते फलाटावर, पादचारी पुलावर, रस्त्याच्या उड्डाणपुलाच्या पदपथावर किंवा फाटकाच्या बाहेर. फलाट तिकीट १० रुपयांचं असतं आणि दोन तास चालतं. वेळ संपली की दुसरं काढा. रुळात, यार्डात किंवा रुळालगतच्या वाटेने शिरणं हा रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १४७खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै २०२३मध्ये दूधसागरला रुळावरून चालत गेलेल्या हौशी मंडळींना अडवून उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. उठाबशा कायद्यात बसत नाहीत, पण रुळावरून चालणंही बसत नाही.

पकडले गेलात तर हुज्जत घालू नका. मात्र एक लक्षात ठेवा: या कलमाखालचा दंड न्यायदंडाधिकारी ठरवतात. तिथल्या तिथे कुणी रोख मागितली तर पावती मागा.

फोटो स्वतःच्या हौसेपुरते असावेत. व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी लागते. लष्करी सामान लादलेली गाडी आली की कॅमेरा खाली ठेवा. ड्रोन नको. आणि डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तिला हात लागावा लागत नाही, जवळ गेलात तरी वीज झेप घेते. उभ्या टँकरवर सेल्फीसाठी चढलेली पोरं भाजल्याच्या बातम्या थांबत नाहीत, म्हणून पुलावरही सेल्फी स्टिक आणि उघडी छत्री तारेच्या बाजूला नेऊ नका.

थांबली म्हणजे बिघडली असं नाही

नव्या माणसाची पहिली चूक इथे होते. उभ्या राहिलेल्या बहुतेक मालगाड्यांना काहीही झालेलं नसतं. मागून एक्सप्रेस येत असते म्हणून तिला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतलेलं असतं, सिग्नल लाल असतो, किंवा लोको पायलटची ड्यूटी संपून बदली माणूस यायचा असतो. घाट उतरणारी गाडी तर ठरवूनच थांबते. उतरण्याआधी ब्रेक तपासतात आणि कॅच सायडिंगपाशी पुन्हा थांबावं लागतं. ब्रेक न लागलेली गाडी त्या सायडिंगच्या चढावर जाऊन थांबावी अशी ती सोय आहे.

बिघाडाच्या खुणा वेगळ्या असतात:

- इंजिनाच्या पुढच्या बाजूचा पिवळसर दिवा लुकलुकतोय. हा फ्लॅशर. शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीला तो ‘थांब, इथे काहीतरी झालंय’ असं सांगतो. लांबून दिसणारी सगळ्यात भरवशाची खूण हीच.
- लोको पायलट किंवा सहायक खाली उतरून एकेक वाघीण बघत मागे चाललाय.
- गार्ड लाल झेंडी घेऊन गाडीपासून लांब, मागच्या दिशेने चाललाय. (२०२२पासून गार्डाचं अधिकृत पद ‘ट्रेन मॅनेजर’ झालं, पण फलाटावर अजून गार्डच ऐकू येतं.) तो रुळावर फटाके लावायला चाललेला असतो. मागून इंजिन आलं की त्याच्या चाकाखाली ते फुटतात आणि लोको पायलट सावध होतो.
- इंजिनाचा छपरावरचा, तारेला टेकणारा पेंटोग्राफ खाली घेतलाय, पण माणसांची धावपळ चालू आहे.

यातलं काही दिसलं तर रेल्वेला कळलेलं आहे. तुम्ही फोन करायची गरज नाही, जवळ तर अजिबात जाऊ नका.

चालत्या गाडीत काय खटकायला हवं

खरी मदत तुम्ही इथे करू शकता. साडेसहाशे मीटर लांबीच्या गाडीत मधल्या पंचविसाव्या वाघिणीला काय झालंय ते इंजिनातून दिसत नाही. म्हणून तर स्टेशनातून मालगाडी जाताना कर्मचारी झेंडी घेऊन बाहेर उभा राहतो आणि संपूर्ण गाडी डोळ्यांखालून घालतो. दोन स्टेशनांच्या मध्ये मात्र बहुतेक ठिकाणी तसं कुणी नसतं. तिथे तुम्ही असता.

धूर. एक सोपा फरक शिकून घ्या. घाट उतरून आलेल्या गाडीच्या सगळ्याच चाकांना जळका वास असतो, निळसर धूरही असतो. ब्रेक ब्लॉक तापलेले असतात, त्यात विशेष काही नाही. सपाटीवर धावणाऱ्या गाडीच्या एकाच वाघिणीखाली, एकाच चाकापाशी धूर असेल तर मात्र तो सांगण्यासारखा. चाक न फिरता घासत असेल, रुळापाशी ठिणग्या उडत असतील तर ब्रेक जाम झालाय. धूर चाकाच्या मधोमध, धुरा जिथे बेअरिंगमध्ये बसतो तिथून येत असेल आणि जळक्या ग्रीसचा वास असेल तर ते ‘हॉट ॲक्सल’. दोन्हींत हॉट ॲक्सल जास्त वाईट. बेअरिंग जळून धुरा तुटला की वाघीण रुळावरून उतरते.

मी हॉट ॲक्सल एकदाच जवळून पाहिलाय. कॉलेजात असताना, एका लहान स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला, संध्याकाळी. सिमेंटच्या बंद वाघिणी जात होत्या आणि मध्येच एक कर्कश किरकिर आली, पत्र्यावर खिळा ओढावा तशी. मागोमाग एका चाकाच्या मध्यावर वाटीएवढं नारिंगी वर्तुळ दिसलं, जणू कुणी विडी ओढतंय. मला वाटलं, एवढं दिसतंय म्हणजे त्यांना माहीत असणारच. स्टेशनमास्तरांची खोली शंभर पावलांवर होती. मी गेलो नाही. गाडी पुढच्या स्टेशनात थांबवली गेली, तिथल्या माणसाने पाहिलं म्हणून. काही झालं नाही, पण मधले ते बारा किलोमीटर मला अजून आठवतात.

आवाज. चाक फिरताना ठरावीक लयीत ठक्-ठक्-ठक् हातोडा बसल्यासारखं वाजत असेल तर चाकाचा गोल घासून सपाट झालाय. तातडीचं नाही, पण सांगा. थंडीत अशा चाकाखाली रुळाला तडा जाऊ शकतो.

लोंबणारं काही. उघडं झुलणारं दार, जमिनीला घासणारी लोखंडी सळई, वाऱ्याने फडफडत तारेकडे जाणारी ताडपत्री, एका बाजूला कललेला माल. फलाटावर असाल तर मालगाडी जाताना पिवळ्या रेषेच्याही दोन पावलं मागे राहा, कारण झुलणारं दार आधी तुम्हालाच लागेल.

शेपटी. गाडीच्या शेवटी गार्डाचा डबा, ‘एलव्ही’ अशी पाटी किंवा लुकलुकणारा लाल दिवा असतो. यातलं काहीच नसेल तर गाडी मध्येच तुटली असून उरलेले डबे मागे राहिले असण्याची शक्यता आहे. कपलिंग तुटलं की हवेचा पाइपही सुटतो आणि दोन्ही तुकड्यांना ब्रेक लागतात. तरीही मागचा तुकडा त्याच रुळावर उभा असतो, म्हणून हे लगेच कळवायचं.

कुणाला सांगायचं, आणि काय

आधी जवळचा रेल्वेचा माणूस गाठा. फाटकावरच्या गेटमनकडे स्टेशनमास्तरांशी जोडलेला फोन असतो. त्याला सांगितलं की निरोप मिनिटाभरात पोहोचतो. जवळ कुणीच नसेल तर रेल्वेचा १३९ क्रमांक लावा. सुरक्षेसाठी १ दाबायचं असतं. थेट माणसाशी बोलायचं तर स्टारचं बटण. आग लागली असेल, कुणी जखमी असेल तर ११२.

फोनवर लोक घाबरून “अहो, गाडी पेटलीय, लवकर या!” म्हणतात आणि ठिकाण सांगायचं विसरतात. ठिकाण शोधायची सोपी युक्ती म्हणजे तारेचे खांब. प्रत्येक खांबावर पाटी असते. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. त्यासाठी रुळात जायची गरज नाही, कुंपणाबाहेरूनही पाटी वाचता येते. आपल्या नेहमीच्या जागेसमोरच्या खांबाचा आकडा आजच वहीत लिहून ठेवा.

एवढं सांगितलं की पुरे:

- कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये, कोणत्या खांबापाशी
- गाडी कोणत्या दिशेला जातेय
- कशाची गाडी: उघड्या वाघिणी, बंद, टँकर की कंटेनर
- खराबी इंजिनापासून किंवा शेवटून साधारण कितव्या डब्याला
- नेमकं काय दिसलं, किती वाजता
- शेजारच्या रुळावर काही पडलंय का

म्हणजे असं: “नाशिक रोड आणि ओढ्याच्या मध्ये, खांब १९० खाली १२. भुसावळकडे जाणारी मालगाडी, टँकरची. मागून आठव्या-नवव्या डब्याला एका चाकापाशी धूर आणि नारिंगी उजेड दिसला. आत्ता पाच वाजून दहा मिनिटांनी गेली.” वाघिणीवरचा ११ अंकी क्रमांक टिपता आला तर उत्तमच, नाही टिपला तरी चालतं. त्यातला पाचवा-सहावा अंक वाघीण कोणत्या वर्षी बनली ते सांगतो. हे आपलं उगाच, नादिष्टांसाठी.

निरोप खोटा ठरला तर? चांगल्या हेतूने दिलेली चुकीची खबर हा गुन्हा नाही. मजा म्हणून गाडी थांबवणं हा आहे.

रूळ तुटलेला दिसला आणि गाडी येतेय

हा प्रसंग क्वचितच येतो, पण येतो. उन्हाळ्यात रूळ वाकतात, थंडीत तडकतात, पावसाळ्यात घाटात आणि कोकणात दरड येते. २०१८च्या जूनमध्ये त्रिपुरात एका बापलेकीने दरड कोसळलेली पाहिली आणि अंगातला शर्ट काढून, हलवून प्रवासी गाडी थांबवली.

वेगातल्या मालगाडीला थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. म्हणून बिघाडाच्या जागी उभं राहून उपयोग नाही. फोन करायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने गाडीच्या दिशेने जितकं पुढे जाता येईल तितकं जावं, रुळाच्या बाहेरून, खडीच्याही बाहेरून. दिवसा लाल कापड जोरजोरात हलवा. ते नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे करा, तळवे गाडीकडे. रात्री मोबाइलचा टॉर्च आडवा, डावी-उजवीकडे जोरात हलवा. गाडी थांबो वा न थांबो, रुळांच्या मध्ये पाऊल टाकायचं नाही.

गाडी घसरलीच असेल तर

लांब राहा. शेजारच्या रुळावर पाय ठेवू नका, तो मोकळा दिसला तरी. २२ जानेवारी २०२५ला जळगावजवळ परधाडे इथे आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. ‘आज गाड्या बंद आहेत’ या समजुतीवरही विसंबू नका. टाळेबंदीत मालगाड्या चालू होत्या. ८ मे २०२०ला करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले.

तार तुटून पडली असेल तर ती जिवंतच धरा. तार ज्या वाघिणीवर पडलीय त्या वाघिणीलाही हात लावू नका.

टँकर असतील तर निदान अर्धा किलोमीटर मागे जा, तेही वारा तुमच्याकडून गाडीकडे वाहत असेल अशा बाजूला. विडी-काडी नको, स्वतःची मोटार किंवा दुचाकीही सुरू करू नका. फोन लांब गेल्यावरच करा. गावातली मंडळी डबडी घेऊन धावतात, त्यांना अडवा. अंगावर येणारा धोका तर आहेच, शिवाय सांडलेला कोळसा, धान्य, तेल हे सगळं रेल्वेच्या ताब्यातलं असतं. ते उचललं तर १९६६च्या रेल्वे संपत्तीविषयक कायद्याखाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फाटकावर उभी राहिलेली मालगाडी

सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात. अर्धा तास झाला, गाडी हलत नाही, मग दप्तर सांभाळत शाळकरी पोरं वाघिणीखालून पलीकडे. मालगाडी शिट्टी न देता हलू शकते. कान दिलात तर एक इशारा मिळतो: सगळ्या रेकभर, एकापाठोपाठ एक, फुस्स् असा हवा सुटल्याचा आवाज. म्हणजे ब्रेक सुटले, गाडी आता निघणार. तो ऐकू आला तेव्हा तुम्ही वाघिणीखाली असाल तर उशीर झालेला असतो. गेटमनशी भांडूनही उपयोग नाही, सिग्नल त्याच्या हातात नसतो. दुसरा रस्ता विचारा, तो त्याला नक्की माहीत असतो.

घसरलेल्या मालगाडीमागे तुमची प्रवासी गाडी अडकली तर

ऑक्टोबर २०२२मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मालखेड-टिमटाळा दरम्यान कोळशाच्या २० वाघिणी घसरल्या. २८ मे २०२४ला पालघरला लोखंडी कॉइल नेणारी गाडी घसरली. दोन्ही वेळा प्रवासी गाड्यांचे हाल झाले. तुमचे हक्क असे:

- गाडी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत. ई-तिकिटाचे आपोआप येतात.
- तुमच्या स्टेशनावर गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही तर पूर्ण परतावा. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. इथे लोक हटकून चुकतात. घरी जाऊन, जेवून मग फॉर्म उघडतात.
- गाडी दुसऱ्या मार्गाने वळवली आणि तुमचं चढायचं किंवा उतरायचं स्टेशन वगळलं गेलं तरी परतावा मागता येतो.
- अपघातामुळे प्रवास वाटेत तुटला आणि रेल्वेने पुढे न्यायची सोय केली नाही तर संपूर्ण प्रवासाचं भाडं परत. सोय केली पण तुम्ही नाकारली तर फक्त उरलेल्या अंतराचं.

दुरुस्ती बघायची असेल तर

बघा जरूर, पुलावरून. आधी ब्रेकडाउन गाडी येते, सोबत तारेच्या कामासाठी टॉवर वॅगन. तार बंद करून जमिनीला जोडेपर्यंत कुणी कामाला हात लावत नाही, त्यामुळे पहिला बराच वेळ नुसती माणसं उभी दिसतात आणि बघे शिव्या घालतात. एखाददुसरं चाक उतरलं असेल तर हायड्रॉलिक जॅकने वाघीण उचलून सरकवून रुळावर ठेवतात. आडव्या पडलेल्या वाघिणींसाठी १४० टनी क्रेन येते. तिचे पाय पसरून खाली ठोकळे रचायलाच केवढा वेळ जातो.

घाईत असाल तर क्रेनचं काम सोडून जा, पण रूळ जोडून झाल्यावर जाणारी पहिली गाडी चुकवू नका. ती माणूस चालेल त्या वेगाने येते. दोन्ही बाजूंना गँगमन उभे असतात आणि इंजिनाकडे कुणीच बघत नाही, सगळ्यांची मान खाली, प्रत्येक चाक नव्या सांध्यावरून जाताना खडी किती दबते तिकडे. शेवटचा डबा गेला की त्यांच्यातला एकजण वाकून सांध्याला हात लावून बघतो आणि मग झेंडी गुंडाळतात.